सूर्य फुटाळ्यात बुडतो का? दुसरी-तिसरीच्या मुलांसोबत दिवस-रात्र शिकताना



दिवस-रात्र हा पाठ आपल्यापैकी बहुतेकांनी एकाच पद्धतीने शिकवला आहे. टेबलावर पृथ्वीगोल ठेवायचा, खिडक्या बंद करायच्या, टॉर्च लावायची आणि गोल फिरवायचा. "उजेडाच्या बाजूला दिवस, अंधाराच्या बाजूला रात्र. समजलं?" मुलं एका सुरात "हो" म्हणतात आणि आपण पुढच्या पाठाकडे वळतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. मग एका वर्षी दुसरीच्या वर्गात प्रयोग संपल्यावर सहज विचारलं, "मग सांगा, रात्र कशी होते?" पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच उठला. म्हणाला, "मॅडम, टॉर्च बंद केली की."

वर्ग हसला नाही, कारण बाकीच्यांनाही ते पटलं होतं. त्यांनी पाहिलं तेच तो सांगत होता. टॉर्च लावली तेव्हा उजेड झाला, बंद केली तेव्हा अंधार. गोल फिरवण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतंच. आपण गोलाकडे बाहेरून, वरून बघतो. मूल मात्र त्या गोलावर उभं आहे, आणि टेबलावरच्या प्रयोगात त्याला स्वतःची जागा कुठेच सापडत नाही.

त्याच आठवड्यात माझ्याकडून आणखी एक चूक झाली, आणि तिच्यामुळेच मी हा पाठ मुळापासून बदलला. मुलांना वहीच्या पानाचे दोन भाग करून एका बाजूला दिवसाचं आणि दुसऱ्या बाजूला रात्रीचं चित्र काढायला सांगितलं होतं. एका मुलीने रात्रीच्या भागात मोठा पिवळा सूर्य काढला, खिडकीला जाड पडदा, आणि खाली अंथरुणावर झोपलेला माणूस. मी घाईत लाल पेनने फुली मारली. दोन दिवसांनी तिची आई भेटली तेव्हा कळलं की वडील कायम रात्रपाळीला असतात. सकाळी घरी येऊन झोपतात. घरात आई सतत सांगते, "बाबांची रात्र आहे, आवाज करू नको." मुलीने आपल्या घरची रात्र काढली होती, आणि मी ती चूक ठरवली होती.

'दिवसा आपण काम करतो, रात्री झोपतो' असं फळ्यावर लिहिताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक आकाशातली रात्र, दुसरी माणसाची झोप. नागपुरात मेडिकल आणि मेयोमधल्या नर्स, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रातले कामगार, रेल्वेचे लोक, पहाटे कॉटन मार्केटला भाजी उतरवणारे हमाल, सगळ्यांची मुलं आपल्याच वर्गात बसतात. आता मी या पाठाची सुरुवातच "तुमच्या घरी रात्री कोण जागं असतं?" या प्रश्नाने करते. फळा भरतो. एकाची आजी खोकल्यामुळे जागी असते, एकाचं नवं बाळ, कोणाकडे मांजर. मग विचारते, "बाबा दिवसा झोपले तर बाहेर अंधार होतो का?" मुलं म्हणतात, "नाही!" म्हणजे रात्र झोपेमुळे होत नाही. एवढं पहिल्या दिवशी कळलं तरी पुष्कळ झालं.

फुटाळ्याचं भांडण

दुसऱ्या दिवशी मी काहीच शिकवत नाही, फक्त विचारते, "रात्री सूर्य कुठे जातो?" आणि उत्तरं जशीच्या तशी फळ्यावर लिहिते. त्या वर्षी आलेली उत्तरं अशी: घरी जातो. ढगांच्या मागे जातो. चंद्र आला की पळतो. देव बंद करतो. आणि एकाने छातीठोकपणे सांगितलं, "फुटाळ्यात बुडतो. मी पाहिलं ना मॅडम, पाण्यातच बुडून राहिला होता."

नागपूरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी फुटाळ्याच्या चौपाटीवर उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडे लालभडक सूर्य खाली जाताना दिसतो. मुलाचं निरीक्षण खरंच होतं. मी त्याला चूक म्हणण्याआधीच वाडीहून येणारी एक मुलगी बोलली, "आमच्या वाडीत तर तो आमच्याही पुढे जाते. फुटाळा तर आमच्या मागे आहे." वाडी फुटाळ्याच्या पश्चिमेला. झालं, वर्गात दोन पक्ष पडले. कोणी म्हणे वाडीच्या पुढे बुडतो, कोणी म्हणे अमरावतीला. एकाने थेट समुद्रच गाठला, "मुंबईला समुद्र आहे ना, तिथं बुडत असेल!"

मला वाटतं, या भांडणात जेवढं विज्ञान होतं तेवढं माझ्या टॉर्चच्या प्रयोगात कधीच नव्हतं. परदेशातल्या अभ्यासकांनीही मुलांची अशी उत्तरं गोळा केली आहेत. स्टेला वोस्निआडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मुलांबद्दल लेख लिहिला. सूर्य डोंगरामागे जातो, ढग त्याला झाकतात, अशी उत्तरं तिथेही मिळाली. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसोबत हैदराबादच्या मुलांचाही असाच अभ्यास केला. म्हणजे आपली मुलं 'कच्ची' नाहीत, वयाला साजेसा विचार करतात. मोठ्यांनी सांगितलेलं "पृथ्वी फिरते" हे वाक्य ती पाठही करतात, पण आतली कल्पना तशीच ठेवतात. पेपरात बरोबर लिहितील आणि घरी आजीला सांगतील, "सूर्य झोपायला गेला."

तर भांडण मिटवायचं कसं? पुस्तक न उघडता. पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला: उद्या संध्याकाळी गावोगावच्या नातेवाइकांना फोन करून विचारा, तुमच्याकडे सूर्य दिसेनासा किती वाजता झाला? नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता, आभाळ स्वच्छ. (सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, हे मुलांना आणि मोठ्यांना दोघांनाही बजावून सांगा. उजेड भिंतीवरून कधी गेला ते पाहिलं तरी चालतं.) दुसऱ्या दिवशी मुलांनी वेळा आणल्या. कोणाच्या घड्याळात दोन मिनिटं पुढे, कोणाच्या इमारतीआड सूर्य लवकर गेला, असं होणारच. पण साधारण चित्र असं आलं: गोंदियाच्या मामाकडे साडेपाच, नागपुरात पाच पस्तीस, अमरावतीच्या आत्याकडे पाच चाळीस आणि मुंबईच्या काकांकडे सहा वाजून गेले होते.

मी फळ्यावर आडवी रेघ ओढली आणि उजवीकडून डावीकडे गावं लिहिली: गोंदिया, नागपूर, अमरावती, मुंबई. रेल्वेच्या हावडा-मुंबई मार्गाने जाणाऱ्या मुलांना हा क्रम ओळखीचाच. (अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरावं लागतं, हेही एकाने सांगितलंच.) वेळा लिहिल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग वाडीची तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे तो कुठंच बुडत नाही. पुढे पुढे जाते फक्त."

फुटाळ्यावर बुडाला असता तर अमरावतीला पाच मिनिटांनी दिसला कसा असता? आमच्याकडे अंधार पडू लागला होता तेव्हा काकांच्या गॅलरीत अजून ऊन होतं. मग 'मुंबईच्या समुद्रात' म्हणणाऱ्यालाही प्रश्न पडला, "समुद्राच्या पलीकडे कोण राहतं?" दुबईत कोणाचे तरी बाबा होते. त्यांच्याकडे तर त्याहून उशिरा.

पालकांसाठी हिशेब सांगते. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. नागपूर साधारण ७९ अंश पूर्व रेखांशावर आणि मुंबई जवळपास ७३ अंशावर. फरक सहा अंशांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे २५ मिनिटं. ऋतूप्रमाणे यात चार-पाच मिनिटं कमीजास्त होतात. घड्याळ मात्र देशभर एकच, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरलेली आहे. ज्या घरात संकष्टीचा उपास असतो तिथे हे माहीतच असतं: नागपूरचा चंद्रोदय मुंबईच्या आधी, त्यामुळे इथलं जेवण आधी. रमजानमध्येही नागपूरची इफ्तारची वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा लवकर येते. माझ्या वर्गात दोन्ही घरांतली मुलं आहेत. दोघांनाही विचारा, उत्तर एकच निघतं.

आता सावली

सूर्य पुढे जातो म्हटलं, तरी अजून 'सूर्यच चालतो' ही कल्पना राहिलीच. ती लगेच मोडायची घाई करू नये. आधी सावलीशी मैत्री करून द्यावी.

मैदानात एका मुलाला उभं करायचं, पावलांभोवती खडूने खूण करायची आणि सावलीची कड काढायची. शाळा भरल्यावर एकदा, मधल्या सुट्टीत एकदा, सुटताना एकदा. तोच मुलगा, त्याच पावलांवर. सकाळची लांब सावली पश्चिमेकडे, दुपारची आखूड उत्तरेकडे, नंतरची पूर्वेकडे. मुलांना सर्वात मजा येते ती सावली 'वळली' याची. इथे एक गोष्ट आपण शिक्षकांनीच सुधारायला हवी. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे आपण सर्रास सांगतो. नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, २६ मेच्या आसपास आणि जुलैच्या मध्यानंतर. तेही बाराला नाही. मे महिन्यात ती वेळ बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास असते. एकूण वर्षभरात इथली खरी मध्यान्ह नोव्हेंबरात बाराच्या दोनतीन मिनिटं आधी, तर फेब्रुवारीत जवळपास साडेबाराला होते.

गंमत म्हणजे शून्य सावलीचे हे दोन्ही दिवस आपल्या शाळेच्या कामाचे नाहीत. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे मे महिन्यातला दिवस सुट्टीत जातो. जुलैतला दिवस बहुतेक ढगांत. म्हणून मेचा दिवस मी पालकांवर सोपवते: अंगणात किंवा गच्चीवर सरळ उभी बाटली ठेवा, मुलाला टोपी घाला, पाच मिनिटं बघा आणि आत या. नागपूरचं ऊन आहे, जास्त शास्त्र नको. शाळेसाठी आपला दिवस म्हणजे २१-२२ डिसेंबर. त्या दिवशी सव्वाबाराच्या सुमारास नागपुरात सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, त्यामुळे प्रत्येक मुलाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. मुलं एकमेकांच्या सावलीवर झोपून मापं घेतात. नंतर कपडे झटकून द्यावे लागतात, तेवढं सांभाळा.

सावलीबद्दल एक प्रश्न जरूर विचारा: "सावलीत गेलं की सूर्य संपतो का?" झाडाखाली उभा असलेला मुलगा म्हणतो, "नाही, झाड मध्ये आलं." हे उत्तर मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. पुसू देत नाही. उद्या लागणार असतं.

नाक म्हणजे नागपूर

आता खोली अंधारी करायची. मधोमध स्टुलावर दिवा, एकच बल्ब, शेड नको. टॉर्च वापरायची नाही, आणि दिवा शेवटपर्यंत बंद करायचा नाही. मुलं त्याच्याभोवती सुटी सुटी उभी. प्रत्येक मूल म्हणजे पृथ्वी, आणि त्याचं नाक म्हणजे नागपूर. डाव्या हातावर 'पू' आणि उजव्या हातावर 'प' लिहिलेला कागद चिकटवायचा. (नकाशात पूर्व उजवीकडे असते, मग इथे डावीकडे कशी, असं एका सहशिक्षिकेने विचारलं होतं. नकाशा आपण उत्तरेकडे तोंड करून वाचतो. हिवाळ्यात दुपारच्या सूर्याकडे तोंड केलं तर आपण दक्षिणेकडे बघत असतो, आणि पूर्व डाव्या हाताला येते. इथे तसंच आहे.)

सगळ्यांनी दिव्याकडे पाठ करायची. नागपुरात आता काय आहे? "रात्र!" आता अगदी हळू, जागच्या जागी, डाव्या हाताच्या बाजूला वळायचं. डोळे उघडेच, मान न हलवता. आधी काहीच नाही, मग डाव्या डोळ्याच्या कडेला उजेड. "थांबा! आता नागपुरात काय होतंय?" कोणी म्हणतं सकाळ, कोणी म्हणतं उगवला. माझ्या वर्गात एक म्हणाली, "तांबडं फुटलं," आजीचा शब्द. वळत राहा. दिवा समोर आला, दुपार. मग तो उजव्या हाताकडे सरकला आणि कडेला दिसेनासा झाला. "मावळला!"

आणि दिवा? दिवा जागेवरून हललाच नाही. हे मुलांच्या तोंडून येऊ द्या, आपण सांगायचं नाही. दोन-तीन फेऱ्या झाल्या की कोणीतरी म्हणतंच. चक्कर येऊ नये म्हणून मध्ये बसवा.

मग गालांवर गावं ठेवायची. उजवा गाल म्हणजे मुंबईच्या बाजूचा, डावा गाल म्हणजे आसामच्या बाजूचा. वळताना डाव्या गालावर उजेड आधी येतो, आणि उजव्या गालावरून उशिरा जातो. मुंबईच्या काकांचं ऊन आपल्या नंतरही का राहिलं ते गालालाच कळतं. ज्यांची वेणी आहे त्यांची वेणी म्हणजे अमेरिका. शिकागो आपल्यापासून जवळजवळ विरुद्ध बाजूला आहे. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. नाकावर ऊन तेव्हा वेणी अंधारात. "म्हणून मावशी आपल्या सकाळी फोन करते तेव्हा तिच्या खिडकीत अंधार असतो," एका मुलाने स्वतःच जोडलं.

शेवटी पुन्हा दिव्याकडे पाठ. विचारा, "तुमच्या नाकावर अंधार का आहे? मध्ये काय आलं?" आणि फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवा: झाड मध्ये आलं. थोडा वेळ शांतता. मग एक मुलगा स्वतःच्या डोक्याला हात लावून म्हणाला, "माझंच डोकं मध्ये आलं."

रात्र म्हणजे पृथ्वीची स्वतःचीच सावली, हे त्या वाक्यात आलं. सूर्य कोणी विझवत नाही, तो कुठे जात नाही. आपण पृथ्वीच्या सावलीच्या बाजूला वळतो. अंधाराला घाबरणाऱ्या एका मुलाच्या आईने नंतर कळवलं की रात्री झोपताना तो आता म्हणतो, "आत्ता आपण पृथ्वीच्या पाठीमागे आलो." भीती गेली असं मी म्हणणार नाही. दिवा मात्र तो अजून लावून झोपतो.

शरीराने शिकण्याची ही रीत माझा शोध नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोलशास्त्र शिकवताना हातवारे, शरीराच्या हालचाली आणि आकृत्या यांचा कसा उपयोग होतो यावर काम केलं आहे.

यानंतर प्रश्न हमखास येतो: "आपण फिरतो तर कळत का नाही?" नागपूर ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने फिरतंय म्हटलं की मोठेही दचकतात. मी रेल्वेची आठवण देते. गाडी एकसारखी चालते तेव्हा डब्यात पाण्याची बाटली हलत नाही, पण बाहेरची झाडं मागे पळतात. झाडं पळतात का? आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहिलेल्या आर्यभटीयात हाच दाखला नावेचा दिला आहे: नाव पुढे जाते तेव्हा काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना वाटतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. तेव्हा त्याचं वय होतं २३. मुलांना हे वय फार आवडतं, "आमच्या दादाएवढा!"

चंद्राबद्दल थोडक्यात. 'चंद्र आला म्हणून रात्र झाली' हे उत्तर बोलून जात नाही, दाखवून जातं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघा. वद्य अष्टमीच्या आसपास सकाळच्या शाळेत अर्धा चंद्र उंच आकाशात असतो, तोही दिवसाढवळ्या. शुद्ध अष्टमीला दुपारनंतर पूर्वेकडे दिसतो. प्रार्थनेच्या वेळी बोट दाखवलं की काम झालं.

आणि 'सूर्य उगवला, मावळला' हे शब्द चुकीचे म्हणून मुलांकडून सोडवायचे का? मला तरी तसं वाटत नाही. आपल्याकडे आजी म्हणते, "दिवस बुडायच्या आत घरी ये." इथे दिवस म्हणजे सूर्यच. पुन्हा 'दिवस' म्हणजे उजेडाचे तास, आणि 'दिवस' म्हणजे चोवीस तासही. तीन अर्थ एका शब्दात, मुलं गोंधळणारच. "आठवड्यात दिवस सात, मग रात्री किती?" असं एकदा विचारून बघा. चोवीस तासांसाठी मी 'दिवस-रात्र मिळून एक फेरी' असं म्हणते. परिवलन, परिभ्रमण, अक्ष हे शब्द पाचवीच्या 'पृथ्वीचे फिरणे' या पाठात येणारच आहेत. दुसरीत त्यांची घाई नको. एवढ्यात ऋतूही नकोत. 'जूनमध्ये दिवस मोठा का' असं कोणी विचारलंच तर एवढं सांगा की नागपुरात जूनचा सर्वात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतबाहेर आणि डिसेंबरचा सर्वात लहान पावणेअकराच्या थोडा वर असतो. कारण नंतर.

सामान फार लागत नाही: खडू, एक बल्ब, कागदाचे तुकडे, पालकांचे फोन. वेळ मात्र लागते, माझे पाच दिवस गेले. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणाची सहल काढायची असेल तर ती या पाच दिवसांनंतर काढा, आधी नको.

पाठ संपल्यावर मी पुन्हा तेच चित्र काढायला दिलं. त्या मुलीने आता पानाचे तीन भाग केले होते. एकात सूर्य आणि शाळा, एकात अंधार आणि सायकलवरून कामाला निघालेले बाबा. तिसऱ्यात तोच पडदा, तोच सूर्य, झोपलेले बाबा, आणि वर लिहिलं होतं, 'बाबांची रात्र, बाहेर दिवस'. जुन्या पानावरची माझी लाल फुली मी तिच्यासमोर खोडली. ती म्हणाली, "राहू द्या ना मॅडम, वही खराब होते."